जमिनींतील तापमापक व त्याच्या तारेचें रक्षण

आपल्या संस्थेच्या सभासदांपैकीं कित्येकांच्या मनांत सध्यां असें आहे कीं, शेताच्या मातींत पुरून ठेवावयाचे व घरबसल्या जमिनीची उष्णता दाखविणारे तापमापक, ज्यांस बाजारांत सेन्सर असें म्हणतात, ते सामायिक खर्चानें आणावे. ह्या कामाच्या अंदाजपत्रकाचा एक कागद आमच्याकडेहि पाहण्यासाठीं आला. महसुली कचेरींत उभा जन्म कारकुनी केलेल्या मनुष्यास असा कागद खालून वर वाचण्याची खोड लागलेली असते. कारण वरच्या ओळींत जें दाखवावयाचें तें असतें, आणि खालच्या ओळींत जें विसरावयाचें तें असतें. त्या खोडीप्रमाणें आम्हीं शेवटची ओळ प्रथम पाहिली. वर सेन्सर, त्यांची पेटी, आंकडे दाखविणारा पडदा, हीं सर्व निरनिराळ्या कलमांखालीं व्यवस्थित मांडलेलीं होतीं. शेतापासून घरापर्यंत जाणारी तार मात्र 'तार, सांधे व किरकोळ' ह्या एका कलमांत कोंबलेली होती, व तिच्यासमोर मांडलेली रक्कम एकंदर खर्चाच्या मानानें नांवाचीच होती.

ह्या एका कलमाविरुद्ध आमची तक्रार आहे. आमचें म्हणणें असें कीं, जमिनींतील तापमापकाच्या बाबतींत तार ही किरकोळ वस्तु नव्हे. मातींत गेल्यावर सर्व धोके तिच्यावरच येतात, आणि सेन्सर कितीहि चांगला असला तरी बिघडलेल्या तारेंतून आलेला आंकडा खोटाच असतो. म्हणून तारेच्या रक्षणाची तरतूद आधीं करावी व राहिलेल्या पैशांत जितके सेन्सर येतील तितकेच आणावे. दहा सेन्सर उघड्या तारेवर लटकविण्यापेक्षां दोनच नीट पुरलेले बरे.

जमिनीच्या उष्णतेचा विचार आपल्याकडे नवा नाहीं. १९३२ सालीं पुण्यास हवामान खात्याची शेतकी शाखा निघाली, आणि डॉ. एल. ए. रामदास यांच्या देखरेखीखालीं मातीच्या व मातीलगतच्या हवेच्या उष्णतेचा पद्धतशीर अभ्यास तेथें सुरू झाला. आपल्या देशांतील शेतकी वेधशाळांत ५, १० व २० सेंटिमीटर खोलीवर जमिनीची उष्णता सकाळीं ७ व दुपारीं २ वाजतां, स्थानिक वेळेप्रमाणें, नोंदण्याचा प्रघात आहे. ह्या खोल्या उगाच ठरविलेल्या नाहींत. वरच्या थरांत दिवसाचें ऊन व रात्रीची थंडी यांचा चढउतार फार असतो. जसजसें खालीं जावें तसतसा तो कमी होतो, आणि साधारण हातभर खोलीवर तो जवळजवळ नाहींसा होतो. बीं पडतें तें वरच्या थरांत, मुळें वाढतात तीं त्याच्या खालीं. म्हणून शेतकऱ्यास ह्याच दोन थरांची माहिती हवी असते.

उन्हाळी भुईमुगाचें उदाहरण घ्या. हें पीक १५ जानेवारीपासून १५ फेब्रुवारीपर्यंत पेरावें असें आपण सर्व ऐकत आलों आहों. त्याचें कारण असें कीं, उगवणीच्या वेळीं जमीन साधारण १८ सेल्सिअस अंशांहून अधिक उष्ण असावी लागते. थंडी ओसरण्यापूर्वीं पेरलेलें बीं मातींत निजून राहतें व पुष्कळसें कुजतें. फार उशीर केला तर शेंगा काढण्याच्या ऐन वेळीं पाऊस गांठतो. पंचांगांतील तारीख दर वर्षीं तीच येते, परंतु थंडी दर वर्षीं त्याच तारखेस जात नाहीं. तेव्हां जमिनीलाच विचारून पेरणें हें शहाणपणाचें आहे, ह्याविषयीं आमचा मतभेद नाहीं. मतभेद आहे तो जमिनीचें उत्तर आपल्यापर्यंत आणणाऱ्या जासुदाविषयीं.

हा मतभेद आम्हीं ऐकीव माहितीवर करीत नाहीं. २०२३ च्या जानेवारींत आमच्याच शेतांत हा अनुभव आम्हांस आला आहे. आदल्या वर्षीं आम्हीं एक सेन्सर पुरविला होता. शेत घरापासून सव्वाशे मीटरांवर. बसविणाऱ्या माणसाकडे शंभर मीटरांचें एकच वेटोळें होतें. उरलेला तुकडा त्यानें शेताच्या कडेला जोडला, सांध्यावर काळी टेप गुंडाळली व माती लोटली. आम्ही जवळ उभे होतों व कांहीं बोललों नाहीं. म्हणून ह्या चुकींत आमचाहि वांटा आहे. पावसाळा गेला, रब्बीचें पाणी झालें, आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यांत पडद्यावर सकाळचा आंकडा २० व २१ च्या दरम्यान दिसूं लागला. शेजारचे वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "रावसाहेब, पायाला अजून गार लागतें आहे, थोडें थांबा." आम्हीं पायापेक्षां पडद्यावर अधिक विश्वास ठेवला आणि पेरणी केली.

बारा दिवसांनीं शेतांत पाहिलें तों ओळींत दांत पडलेल्या तोंडासारख्या मोकळ्या जागा. तेव्हां कोठें आम्हीं कांचेचा एक साधा तापमापक आणून त्याच खोलीवर खुपसला. सकाळीं त्यांत १७ अंश भरले. त्याच क्षणीं घरांतील पडदा २१ सांगत होता. सांधा उकरून काढला. टेपेच्या आंत पाणी होतें व तांबें हिरवें पडलें होतें. निम्मे बीं पुन्हां विकत घेऊन पुन्हां टोकावें लागलें, आणि दोन वेळां उगवलेलें शेत काढणीस कसें त्रास देतें तें भुईमूग करणारांस सांगावयास नको.

असें कां व्हावें, हें आम्हीं पुढें एका जाणत्या तरुणाकडून समजून घेतलें, व तें साध्या हिशोबानें सांगतां येण्यासारखें आहे. आमचा सेन्सर थर्मिस्टर जातीचा होता. ह्या जातीचा गुण असा कीं, उष्णता वाढली म्हणजे त्याचा विजेस होणारा अडथळा कमी होतो. सामान्य प्रतीच्या सेन्सरांत २५ अंशांस हा अडथळा १०,००० ओहम असतो व एका अंशास तो शेंकडा चार-साडेचारांनीं बदलतो. आतां दोन तारांच्या मध्यें ओल शिरली म्हणजे विजेस जाण्यासाठीं दुसरी एक चोरवाट मिळते. ही चोरवाट १,००,००० ओहमांची, म्हणजे फार अरुंद असली, तरी दोहोंचा मिळून अडथळा सुमारें ९,०९० ओहम होतो. पेटीला चोरवाट दिसत नाहीं. ती एवढेंच जाणते कीं अडथळा शेंकडा नवांनीं कमी झाला, आणि म्हणून जमीन खरी आहे त्याहून सुमारें दोन अंशांनीं उष्ण आहे असें सांगते. ओल अधिक शिरली तर चूक अधिक. लक्षांत ठेवण्याची गोष्ट ही कीं, ओल्या सांध्याची चूक नेहमीं उष्णतेच्याच बाजूला होते. म्हणजे भुईमूगवाल्यास ती नेमकी घातक बाजूला ओढते.

आमच्या नोकरीच्या काळांत आम्हीं एक गोष्ट वारंवार पाहिली. दप्तरांत एखादा रकाना कोरा राहिला असेल, तर पाहणारा थबकतो, चौकशी करतो, प्रत्यक्ष जागेवर जातो. परंतु रकान्यांत चुकीची नोंद असेल, तर तिच्यावर सही होते, तिच्यावरून दुसरी नोंद होते, आणि तिसऱ्या पिढींत भाऊबंद कोर्टांत उभे राहतात. कोरा रकाना मनुष्यास सावध करतो. चुकीचा रकाना त्यास निश्चिंत करतो. तारेचें तसेंच आहे. तार साफ तुटली तर पडद्यावर कांहींच येत नाहीं किंवा वेडावांकडा आंकडा येतो, व आपण सावध होतों. अंकी सेन्सरची एक प्रचलित जात अशी आहे कीं, वीज क्षणभर खंडित होऊन परत आली व नवी मोजणी होण्यापूर्वींच वाचन झालें, तर ती ८५ अंश असा आंकडा देते. असा आंकडा पाहून कोणी पेरणी करणार नाहीं. भीति आहे ती दोन-चार अंशांच्या सभ्य, पटण्याजोग्या खोटेपणाची.

आतां ह्या तारेचे शत्रू कोण व त्यांपासून तिचें रक्षण कसें करावें, हें क्रमानें पाहूं.

पहिला शत्रु पाणी. पुष्कळांची समजूत अशी असते कीं, तार पाइपांत घातली म्हणजे पाणी लागत नाहीं. ही समजूत चुकीची आहे. जमिनींत पुरलेल्या पाइपांत सांध्यांतून पाणी झिरपतें, आणि झिरपलें नाहीं तरी आंतल्या दमट हवेचेंच थंडीनें पाणी होतें. पाइप तारेस नांगरापासून व दांतांपासून वांचवितो, पाण्यापासून नव्हे. म्हणून तारच मुळांत जमिनींत पुरण्याजोगी, जाड पॉलिथिनच्या वेष्टनाची घ्यावी. आंत जेली भरलेली मिळाल्यास उत्तम, कारण वेष्टनास कोठें चीर पडली तर साध्या केबलींत पाणी तारांच्या आंतल्या पोकळींतून दिव्याच्या वातींतील तेलासारखें लांबवर चढत जातें. पाइपास एका बाजूला उतार द्यावा व सर्वांत खालच्या तोंडाशीं पाणी निघून जाण्यास वाट ठेवावी. आणि सर्वांत मोठा नियम हा कीं, जमिनीखालीं सांधा करूं नये. तार कमी पडत असेल तर पुरेशी तार येईपर्यंत काम थांबवावें. सांधा टाळतांच येत नसेल तर तो जमिनीच्या वर, खांबावरील बंद पेटींत करावा, व तार पेटींत खालून घ्यावी, म्हणजे पावसाचें पाणी तारेवरून ओघळून आंत न जातां खालीं टपकेल.

दुसरा शत्रु दांतांचा. उंदीर व घूस यांचे पुढचे दांत जन्मभर वाढत असतात, व ते झिजविण्यासाठीं त्यांस कांहींना कांहीं कुरतडावें लागतें. मऊ पी. व्ही. सी. चें वेष्टन त्यांच्या दृष्टीनें अडचण नव्हेच. ज्यांच्या शेतांत ठिबकच्या नळ्या आहेत त्यांस हें निराळें सांगावयास नको. चरांत सर्वत्र जाड भिंतीचा काळा एच. डी. पी. ई. पाइप घालावा; जेथें तार जमिनींतून वर येते तेथें मात्र जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप घालावा, कारण कुरतडण्याचा जोर त्या जागीं व बांधाजवळ अधिक असतो. पाइपाचीं दोन्ही तोंडें बंद करावीं. उघडें तोंड म्हणजे घुशीला बांधून दिलेलें घर होय. ऐपत असेल त्यानें पोलादी तारांचें चिलखत असलेली केबल घ्यावी.

तिसरा शत्रु आपण स्वतः व आपला नांगर. ट्रॅक्टरचा नांगर सहज वीतभर, कधीं फुटभर खोल जातो, व सबसॉयलर त्याहून बराच खालीं जातो. म्हणून मुख्य चर निदान दोन फूट खोल असावा, आणि शक्य तोंवर बांधाच्या कडेनें न्यावा. वांटेंत पडणारे चार मीटर वांचविण्यासाठीं शेताच्या मधून नेऊं नये. चराच्या तळाशीं चाळलेली माती किंवा वाळू पसरावी, तींत पाइप बसवावा, वर पुन्हां वीतभर मऊ माती, आणि तिच्यावर विटांची एक ओळ किंवा रंगीत पट्टी टाकावी. पुढें दहा वर्षांनीं आपला मुलगा किंवा भाड्याचा जे. सी. बी. तेथें खणूं लागला, तर वीट लागतांच त्याचा हात थांबेल.

काळ्या जमिनींत आणखी एक संकट आहे. ही माती पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ताणून घातलेली तार अशा वेळीं ओढली जाते व सेन्सरच्या मुळाशीं तुटते. म्हणून तार सरळ न ताणतां थोडी नागमोडी सैल ठेवावी, व सेन्सरजवळ एक वेटोळें जास्त सोडावें. सेन्सर बसवितांना खड्डा खणून त्यांत तो नुसता टाकून माती लोटूं नये. खड्ड्याच्या न हललेल्या भिंतींत ठरलेल्या खोलीवर आडवा खुपसावा. त्याची तारहि थोडा अंतर त्याच खोलीवरून आडवी नेऊन मग खालीं मुख्य चरांत उतरवावी. तार सेन्सरपासून थेट वर आली तर वरचें ऊन तांब्याच्या वाटेनें खालीं पोंचतें, आणि पाणी तारेच्या कडेनें सेन्सरपर्यंत उतरतें. मग मापली जाते ती जमीन नव्हे.

चौथा शत्रु आपल्याच विहिरीवरची मोटार. तीन फेजची मोटार स्टार्टर दाबतांच क्षणभर नेहमींच्या कित्येक पट वीज ओढते, व तिच्या केबलीजवळून समांतर जाणाऱ्या प्रत्येक तारेंत त्याचा झटका उमटतो. सेन्सरच्या तारेंतील वीज इतकी क्षीण असते कीं, ह्या झटक्यानें आंकडा उड्या मारतो किंवा पेटी बंद पडते. एकच चर खणून त्यांत पाण्याचा पाइप, मोटारीची केबल व सेन्सरची तार एकत्र टाकण्याचा मोह सर्वांस होतो, तो आवरावा. दोहोंमध्यें निदान हातभर अंतर ठेवावें, व एकमेकींस ओलांडावें लागलेंच तर काटकोनांत ओलांडावें. सेन्सरच्या तारा एकमेकींस पीळ दिलेल्या व वरून धातूच्या पातळ पत्र्याचें आवरण असलेल्या घ्याव्या. ह्या आवरणास शील्ड म्हणतात.

ह्या शील्डविषयीं एक सूचना अवश्य करावयाची आहे, कारण तींत जाणते कामगारहि चुकतात. शील्डला अर्थिंग द्यावें तें एकाच टोकास, पेटीच्या बाजूला. शेताकडील टोक मोकळें, नीट झांकलेलें ठेवावें. दोन्ही टोकें जमिनीला जोडलीं म्हणजे अधिक बळकटी येईल असें वाटतें, परंतु शेताची जमीन व घराची जमीन यांचा विजेचा दाब सारखा नसतो. दोन्ही तोंडें उघडीं असलेल्या पाटांतून जसें उंच बाजूचें पाणी सखल बाजूला वाहूं लागतें, तशी शील्डमधून वीज वाहूं लागते, आणि रक्षणासाठीं ठेवलेलें आवरणच उपद्रव देतें.

पांचवा शत्रु आकाशांतील वीज. येथें शील्डचा फारसा उपयोग नाहीं, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. वीज तारेवरच पडावी असें नाहीं. जवळच्या बाभळीवर पडली तरी शेत व घर यांमधील जमिनीच्या दाबांत क्षणभर प्रचंड फरक पडतो व तो लांब तारेच्या वाटेनें पेटींत शिरतो. पेटीच्या बाजूला चांगल्या अर्थिंगसह वीजरोधक, ज्यास सर्ज अरेस्टर म्हणतात, तो बसवावा. त्याहून सोपा उपाय म्हणजे तार पेटीस खटक्यानें जोडावी व वळवाच्या दिवसांत, आभाळ भरून येण्यापूर्वींच, तो खटका काढून ठेवावा. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र तारेस हात लावूं नये. पेटीपेक्षां मनुष्य मोलाचा आहे.

लांबीचीहि गोष्ट विसरतां येत नाहीं. प्लॅटिनमच्या तापमापकाचा अडथळा ० अंशास १०० ओहम असतो व एका अंशास फक्त ०.३८५ ओहमांनीं वाढतो. आतां अर्धा चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार १०० मीटरांस सुमारें साडेतीन ओहम अडथळा करते. जाणारी व येणारी मिळून सात. सातास ०.३८५ नें भागा: सुमारें १८ अंशांची चूक, आणि तीहि तारेस कांहीं इजा झालेली नसतां! एकदां हिशोब करून ही चूक वजा केली तरी भागत नाहीं, कारण तांब्याचा अडथळा स्वतःच ऋतूप्रमाणें बदलतो. ह्यावरचा उपाय तीन किंवा चार तारांची जोडणी हा आहे; तींत पेटी तारेचा अडथळा निराळा मापून वगळते. म्हणून सेन्सर पसंत करतांना 'तार किती लांब चालेल व किती तारा लागतील' हा प्रश्न विक्रेत्यास प्रथम विचारावा. ह्या प्रश्नास ज्याच्याकडे उत्तर नाहीं त्याच्याकडून माल घेऊं नये.

आमच्या ह्या म्हणण्यावर तीन आक्षेप येतील हें आम्ही जाणतों.

कोणी म्हणेल, आतां बिनतारी सेन्सर मिळतात, मग तारेची चिंता कशाला? बिनतारी व्यवस्थेनें लांब चराचा खर्च वांचतो व विजेची भीतिहि कमी होते, हें खरें आहे. ज्यांचें शेत घरापासून फार दूर आहे त्यांनीं तीच पत्करावी. परंतु बिनतारी पेटी जमिनींत पुरत नाहींत. ती खांबावर असते, व सेन्सरपासून तिच्यापर्यंत दोन-चार मीटर तार राहतेच. पाणी, दांत, ऊन व खुरपें यांचा मारा ह्याच शेवटच्या दोन-चार मीटरांवर सर्वांत अधिक असतो. तारेची लांबी कमी झाली म्हणजे काळजीचा प्रश्न सुटला असें नव्हे.

दुसरा म्हणेल, इतका खर्च करण्यापेक्षां कांचेचा तापमापकच काय वाईट? वाईट मुळींच नाहीं. ज्यास जानेवारींत पंधरा दिवसच जमिनीची उष्णता पाहावयाची आहे, त्यानें रोज सकाळीं शेतांत जाऊन वांकून पाहावें. त्यास आमचा आग्रह नाहीं. पण ज्यास वर्षभराची नोंद ठेवावयाची आहे, किंवा ज्याची अनेक शेतें आहेत, त्यास तारेवांचून गत्यंतर नाहीं. आणि मग ती नीट असलीच पाहिजे.

तिसरा आक्षेप पैशाचा. त्यास आमचें उत्तर एवढेंच कीं, सेन्सर जुना झाला तर दहा मिनिटांत बदलतां येतो. दोन फूट खोल चर पुन्हां खणावयाचा म्हणजे मजुरीहि दुप्पट व उभ्या पिकाची नासाडीहि. जी वस्तु पुन्हां हात लावण्यास कठीण, तिच्यावर पहिल्यानेंच खर्च करावा, हा विहीर बांधणाऱ्याचा जुना नियम आहे.

शेवटीं आमच्या धंद्याच्या अनुभवाची एक गोष्ट. शेताची हद्द दगडांनीं राहते, परंतु दगड कोठें आहे हें मोजणीच्या नकाशानें राहतें. चर बुजविण्यापूर्वीं त्याचा नकाशा काढावा: कोणत्या हद्दीच्या दगडापासून किती मीटर, किती खोल, कोठें वळला, सेन्सर कोणत्या खोलीवर, तारेचा कोणता रंग कोठें जोडला. त्याची एक प्रत घरीं व एक संस्थेच्या दप्तरीं असावी. पुरण्यापूर्वीं प्रत्येक सेन्सर कुटलेल्या बर्फाच्या व पाण्याच्या भांड्यांत धरून तो ० अंश दाखवितो कीं नाहीं तें पाहावें व तो आंकडा नोंदवावा. पुढें दर वर्षीं पावसाळ्यानंतर एकदां व पेरणीपूर्वीं एकदां, कांचेचा तापमापक सेन्सरशेजारीं त्याच खोलीवर खुपसून दोन्ही आंकडे एकमेकांशीं ताडून पाहावे. एका अंशाहून अधिक तफावत दिसली तर पडद्यावर विश्वास न ठेवतां तार तपासावी. तारेचें वेष्टन मेगरनें तपासावयाचें झाल्यास सेन्सर व पेटी दोन्ही आधीं सोडवावीं, नाहींतर मेगरच्या दाबानेंच तीं जळतील.

येत्या सभेपुढें आमची विनंति अशी आहे. अंदाजपत्रकांत तार, पाइप, चर, अर्थिंग व वीजरोधक हें स्वतंत्र कलम करावें. जमिनीखालीं सांधा चालणार नाहीं, ही अट काम घेणाऱ्याच्या करारांत लिहून घ्यावी. चर बुजविण्यापूर्वीं एका सभासदानें तो स्वतः पाहून नकाशावर सही करावी. आणि पहिल्या वर्षीं एकाच ठिकाणीं काम करून, एक पावसाळा व एक वळीव त्यावरून गेल्यावर, मग पुढील सेन्सरांचा विचार करावा. एका वर्षाच्या उशिरानें कोणाचें नुकसान होणार नाहीं. खोट्या आंकड्यावर दहा जणांनीं एकाच आठवड्यांत पेरणी केली तर मात्र काय होईल, हें आमच्या शेतांतील मोकळ्या ओळींवरून समजण्यासारखें आहे.

शेजारच्या ज्या वडीलधाऱ्या गृहस्थांनीं आम्हांस थांबा म्हणून सांगितलें होतें, त्यांनीं पुढें कधीं त्याचा उल्लेख केला नाहीं, हा त्यांचा मोठेपणा. आतां आमची तार नवी आहे, अखंड आहे, व पडद्यावरील आंकडा कांचेच्या तापमापकाशीं जुळतो. तरीहि जानेवारींत पेरणीपूर्वीं आम्ही त्यांच्याकडे जातों व पायांस कसें लागतें तें विचारतों. दोन साक्षी जुळल्या म्हणजे नोंद पक्की करावी, हें आम्ही कचेरींत शिकलों. सुज्ञांस अधिक सांगणें नलगे.